बेचाळिसावं गाणं

बुधवारी दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला केझिया थर्कटल शलगम सोलत बसली होती आणि रेडिओवरच्या कुठल्याशा म्हातारीने चुकीच्या जागी श्वास घेतला. ओळ संपली नव्हती, शब्दसुद्धा संपला नव्हता. शब्दाच्या मधोमध, दगडाला ठेच लागावी तशी म्हातारी थांबली, हवा आत ओढली आणि उरलेला अर्धा शब्द घेऊन पुढे गेली. केझियाला राग आला. आवाज काही वाईट नव्हता, जुन्या तागासारखा होता, खरखरीत पण पक्का. पण इतकं गाता येतं त्या बाईला कुणी श्वास घ्यायला शिकवलं नव्हतं काय? सुरी हातात तशीच धरून ती ऐकत राहिली. ऑलिव्ह सकाळी कामाला जाताना रेडिओ चालू ठेवून जायची. आईला एकटं वाटू नये म्हणून. नॉरिचमधल्या या घराच्या भिंती जाड होत्या, शेजारचं काही ऐकू यायचं नाही, आणि केझियाला गावाकडच्या शांततेची सवय असली तरी शहरातली शांतता वेगळी असते, ती आपल्याला ओळखत नाही. म्हातारीने पुन्हा तसाच श्वास घेतला. आणि त्या श्वासाबरोबर मागे काहीतरी कर्रकन वाजलं. लाकूड लाकडावर फिरल्यासारखं. केझियाच्या उजव्या खांद्यात कळ उठली, आधी खांद्याला समजलं आणि मग तिला. कपडे पिळायच्या चरकाचा दांडा वर येतो तेव्हा गाता येत नाही, सगळा जीव हातात जातो. दांडा खाली गेला की श्वास मोकळा होतो. ती म्हातारी चरकावर गाणं शिकली होती. ती म्हातारी केझिया होती. आणि चरक फिरवत होता तो एमॉस.

घरात सांगायला कुणी नव्हतं. तिने सुरी खाली ठेवली, हात एप्रनला पुसले, आणि उगाचच उभी राहिली, चर्चमध्ये उभं राहावं तशी. आपला आवाज बाहेरून असा ऐकू येतो हे तिला आवडलं नाही आणि त्याच वेळी तिला कुणीतरी अंगावर शाल घातल्यासारखं वाटलं. कर्र. एमॉसला जाऊन दहा आठवडे झाले होते. त्याच्या टोपीला अजून तंबाखूचा वास होता, पण टोपी हलत नव्हती. हा आवाज हलत होता. दांडा वर, दांडा खाली. मधे एकदा त्याने जरा घाई केली होती, ते तिला आता ऐकू आलं, त्या वेळी कळलं नव्हतं.

एमॉसशी लग्न झालं तेव्हा त्याला चार गाणी येत होती. त्यातली दोन अशी की ती चर्चच्या बाईंसमोर म्हणता यायची नाहीत. ऑल्डरम गावात तो घोड्यांचा गडी होता, नांगरटीच्या सहा घोड्यांचा, आणि घोड्यांच्या गड्याला गावात मान असे. पण शनिवारी ‘तीन नांगर’ या पबमध्ये पुरुष बाकावर ओळीने बसत, एकेकाला गायला सांगत, आणि तिथे मानाचा हिशेब वेगळा होता. तिथे ज्याच्याकडे गाणी जास्त तो मोठा. आणि तिथला नियम असा की एकाचं गाणं दुसऱ्याने म्हणायचं नाही. तो माणूस खोलीत असेपर्यंत तर नाहीच. मीठवाल्याच्या मुलीचं गाणं कुणाचं, तर अमक्याचं. तो मेला की मुलाचं. एमॉस चार गाणी म्हणून गप्प बसायचा आणि घरी येऊन बूट काढताना म्हणायचा, “आज हर्बी पेटिटने नऊ म्हटली. नऊ! आणि तोंड बघ त्याचं, भिजलेल्या कोंबडीसारखं.” केझिया तेव्हा बावीस वर्षांची होती. तिच्याकडे अडतीस गाणी होती. आईकडून आलेली. आई शेतमालकाच्या घरचे कपडे धुवायची, आणि केझिया आठ वर्षांची असल्यापासून चरकाच्या दुसऱ्या बाजूने ओली चादर ओढून धरायची. गाणं चादरीबरोबर तिच्याकडे यायचं. चपटं होऊन, पाणी निथळून, गरम हातांचं.

त्या हिवाळ्यात तिने एमॉसला पहिलं गाणं दिलं. एक एक ओळ करून. तो चुलीपुढे बसून बुटांचा चिखल खरवडायचा आणि म्हणायचा, “परत सांग. ‘वळणावर’ की ‘वळताना’?” ती सांगायची, वळताना. एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी ती त्याला थांबवायची. याबाबतीत ती फार कडक होती, लेकरांच्या बाबतीतसुद्धा इतकी नव्हती. आईने जसं दिलं तसंच पुढे गेलं पाहिजे, त्यात आपली बोटं उमटायला नकोत. एमॉस कुरकुरायचा. “अगं, तिथे शब्द कोण ऐकतंय? निम्मे झिंगलेले असतात.” “मी ऐकते,” ती म्हणायची. आणि खरंच ऐकायची. शनिवारी ती ‘तीन नांगर’च्या मोरीत ग्लास धुवायला जायची. बायका आतल्या खोलीत बसत नसत, पण मोरी आणि खोली यांच्यामधे हातभर खिडकी होती, ग्लास द्यायघ्यायची. त्या खिडकीतून तिची गाणी तिच्याकडे परत यायची, एमॉसच्या जाड, चिखलातून पाय उपसल्यासारख्या आवाजात. लोक टेबलावर मुठी आपटायचे. “वा रे एमॉस! कुठनं काढतोस गड्या?” एमॉस म्हणायचा, “घरचंच आहे.” ते खोटं नव्हतं. ती साबणाच्या पाण्यात हात घालून हसायची. अभिमान वाटायचा. आणि अभिमानाच्या तळाशी आणखी काहीतरी असायचं, ग्लासाच्या तळाशी राहतं तसं, ज्याला नाव द्यावं असं तिला कधी वाटलं नाही. दिलेलं गाणं ती पुन्हा म्हणायची नाही. घरीसुद्धा नाही, कपडे धुतानासुद्धा नाही. तो नियम तिला कुणी सांगितला नव्हता. ते आता एमॉसचं होतं आणि एमॉस घरात होता.

अडतीसातली सदतीस गेली. एक ठेवलं. पाण्याचं. नदीला पूर आलाय, माणूस पल्याड अडकलाय आणि एक बाई काठावर उभी आहे, एवढंच. त्यात काही घडत नाही, कुणी मरत नाही, पाणीही उतरत नाही. पबमध्ये ते चाललंच नसतं. पण ठेवण्याचं कारण ते नव्हतं. पहिला मुलगा, टोबायस, अकरा आठवडे जगला. शेवटच्या तीन दिवसांत तो दुसऱ्या कशाने शांत व्हायचा नाही, फक्त त्या गाण्याने. ती ते म्हणत होती आणि म्हणता म्हणता एका ओळीला तिला समजलं की आता ऐकणारं कुणी नाही. तरी तिने कडवं पूर्ण केलं होतं. अर्धवट सोडणं बरं दिसलं नसतं. त्यानंतर ऑलिव्ह झाली, धडधाकट आणि सुराला संपूर्ण बहिरी. दिवस भरभर गेले. घोडे गेले, ट्रॅक्टर आले. एमॉसला बागेत बटाटे लावण्याइतकं काम उरलं, पण शनिवारी तो अजून एकेचाळीस गाण्यांचा धनी होता. चार त्याची आणि सदतीस. आणि गेल्या सप्टेंबरात लंडनहून मिस लॅव्हिंग्टन आल्या.

मिस लॅव्हिंग्टन तिशीतल्या, उंच, पायात पुरुषी बूट. जुन्या माणसांची जुनी गाणी यंत्रात भरून घेत गावोगाव फिरत होत्या. यंत्र दोघांनी उचलावं लागे. त्यांना एमॉस थर्कटल हवे होते, कुणीतरी त्यांचं नाव दिलं होतं. शनिवारी दुपारी पब भरला. एमॉसने कॉलर घातली होती, ती त्याला काचत होती हे केझियाला खिडकीतूनही दिसलं. पहिली दोन गाणी छान झाली. मग मीठवाल्याच्या मुलीचं, सतरा कडव्यांचं. नवव्या कडव्याला एमॉस थांबला. आधी वाटलं, श्वास घेतोय. मग वाटलं, मुद्दाम. यंत्राची चाकं फिरत होती, रिकामी फिरत होती. एमॉस सत्तरीचा झाला होता आणि गेल्या वर्षापासून चहात दोनदा साखर घालायचा, हे फक्त केझियाला माहीत होतं. त्याची नजर वर गेली, छताकडे, आणि मग हळूहळू खिडकीकडे वळली. ती त्याला ओळ कुजबुजून सांगणार होती. हातात ओला ग्लास होता. पण गाण्याची ओळ नुसती बोलायची सवयच नव्हती तिला, आणि तोंडातून आली ती सुरात आली:

तिने दिवा विझवला नाही गं, वात तेवढी खाली केली.

सगळ्यांच्या माना मोरीकडे वळल्या. तिने तिथेच थांबायला हवं होतं. पण एमॉसने ओळ उचलली नाही, आणि कडवं अर्धवट सोडणं बरं दिसलं नसतं, म्हणून तिने ते पूर्ण केलं. मग हर्बी पेटिट, तो नव्वद वर्षं जगेल आणि अखेरपर्यंत असाच राहील, म्हणाला, “काय रे एमॉस, मोरीत मास्तरीण ठेवलीयस होय?” हशा उठला. वाईट हशा नव्हता तो. पण एमॉसने टोपी उचलली आणि अर्धा ग्लास तसाच टाकून दाराबाहेर गेला. सत्तेचाळीस वर्षांत त्याने अर्धा ग्लास कधी टाकला नव्हता.

ती मागच्या दाराने घरी आली. घर रिकामं होतं. तिने पिठाचे गोळे उकळत्या रश्श्यात सोडले, वीस मिनिटं झाकण उघडायचं नसतं, आणि ती वीस मिनिटं तिने झाकणाकडे बघत काढली. आपण त्याचं नाव हिरावून घेतलं, असं तिला वाटत होतं. एका ओळीत. सगळ्या गावासमोर, आणि त्या यंत्रासमोर, जे विसरत नाही. आणि आत कुठेतरी, हे तिने नंतर खूप दिवस स्वतःलाही सांगितलं नाही, तो सूर गरम होता अजून. किती वर्षांनी तिने ते गाणं मोठ्याने म्हटलं होतं. खोलीभर पोचलं होतं ते. एमॉस दिवेलागणीला आला. बुटांना तबेल्यामागचा चिखल होता. तबेल्यात आता खतांची पोती होती, तरी तो तिकडेच गेला होता. बसला, जेवला. “मीठ कमी आहे,” म्हणाला. बस्स. रविवारी चर्चमध्ये तो तिच्या शेजारी उभा राहिला आणि सगळे भजन म्हणत असताना त्याचे ओठ मिटलेले होते. कानाखालून दाबलेला जबडा तिला दिसत होता. भजनात तो नेहमी एक सूर मोठ्याने चुकायचा, पाद्री त्याच्याकडे बघून हसायचे. त्या दिवशी पाद्र्यांनीही बघितलं आणि पुस्तकात डोकं घातलं. हा पुन्हा गाणार नाही, तिला वाटलं. मी याला सगळं दिलं आणि एका कडव्यात परत घेतलं. दुपारी तो न सांगता कुठेतरी जाऊन आला.

सोमवार धुण्याचा. सोमवारी सकाळी एमॉस धुण्याच्या खोलीच्या दारात आला. पुरुष तिथे येत नसत. वाफेत तो क्षणभर तिला दिसलाच नाही, मग टोपी दिसली.

“सरक,” तो म्हणाला.

“काय पाहिजे?”

“सरक म्हटलं ना. खांदा दुखतो तुझा.” त्याने चरकाचा दांडा धरला. उलट्या बाजूने फिरवला. चादर अडकली.

“देवा! इकडून, एमॉस. माणूस घोडा हाकतो तर पुढेच हाकतो ना?”

“घोड्याला तोंड असतं,” तो म्हणाला. “याला कुठंय?” मग दांडा नीट धरून, तिच्याकडे न बघता, “मी काल त्या लंडनच्या बाईंना सांगून आलोय. पाद्र्यांकडे उतरल्यात.”

“काय सांगून आलास?”

“की चार माझी. बाकीची घरातली.” दांडा वर आला, खाली गेला. “मी गाडी होतो म्हटलं. माल तिचा. त्यांनी लिहून घेतलं. दहाला येतायत.”

तिच्या हातातून चादरीचा कोपरा निसटला. “तुला राग नाही आला?”

“आला की. शनिवारी आला. रविवारी सकाळपर्यंत होता.” त्याने चादरीचा निसटलेला कोपरा उचलला. “खरं सांगू? मला आठवत नव्हतं आणि मी खिडकीकडे बघितलं, तेव्हाच समजलं मला. इतकी वर्षं प्रत्येक गाण्यात मी तिकडेच बघत होतो. लोकांना वाटायचं, एमॉस डोळे मिटून गातो. डोळे मिटलेले नसायचे.”

बाहेर कोंबड्यांचा गोंधळ चालला होता. त्याने चादर नीट घडी करून टबात ठेवली, चुकीची घडी, आणि म्हणाला, “त्यांना ते पाण्याचं म्हण.”

“कुठलं पाण्याचं?”

“भिंत पातळ आहे, केझी. सत्तेचाळीस वर्षं पातळच आहे.”

वाफ खाली बसायला लागली होती. म्हणजे टोबायसच्या वेळी हा पलीकडे जागा होता. आणि त्यानंतरही, कधीमधी, फक्त ओठातल्या ओठात म्हटलं तेव्हाही. ती म्हणाली, “माहीत होतं तर मागितलं का नाहीस कधी? बाकीची तर मागून मागून घेतलीस.”

एमॉसने खिशातून रुमाल काढून नाक पुसलं. “मागितलं असतं तर दिलं असतंस,” तो म्हणाला.

तो एवढंच म्हणाला. नॉरिचच्या या स्वयंपाकघरात उभी राहून केझिया त्या वाक्याभोवती पुन्हा एकदा फिरून आली. दहा आठवड्यांत कितीदा फिरली होती. दुकानदाराकडून काही न मागणं सोपं असतं, देवाकडूनही सोपं असतं. जे मागताक्षणी मिळणार हे माहीत आहे, रोज पलीकडच्या खोलीत आहे, ते पंचेचाळीस वर्षं न मागणं, हे एमॉस थर्कटलने केलं होतं. ज्याला पबमध्ये पाच गाणी कमी पडली तर झोप यायची नाही, त्याने. ती मनाशी म्हणायची, आपण ते लपवून ठेवलं. लपवून कुठलं, ते राखलं होतं, आणि राखणारे दोघं होते.

मिस लॅव्हिंग्टन दहाला आल्या. यंत्र धुण्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवलं. त्यांनी फार आदबीने विचारलं, “मिसेस थर्कटल, तेवढा तो चरक थांबवता येईल का? आवाज येतोय.” थांबवला. केझियाने सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला अडखळली. पुन्हा केली. पायाखाली पायरी नसावी तसं होत होतं. “येत नाही,” ती म्हणाली, आणि खरंच तिला लाज वाटली, इतक्या लांबून आलेली बाई. तेव्हा एमॉस म्हणाला, “बाईसाहेब, गाय हवी तर शेपूट पण न्यावी लागते.” आणि दांडा धरला. रिकामाच फिरवला त्याने, चादर न घालता. अकरा कडवी. शेवटच्या कडव्यानंतर यंत्र बंद झालं तरी तो फिरवतच होता, मिस लॅव्हिंग्टननी हात वर केला तेव्हा थांबला. त्यांचे डोळे लाल झाले होते. एमॉस त्यांना म्हणाला, “साबणाची वाफ आहे, झोंबते.” त्यानंतर तो पाच महिने जगला. पबमध्ये गेला तो तिला पुढच्या दाराने घेऊन, आणि हर्बी पेटिटने बाकावर सरकून जागा केली, कुरकुरत पण केली. एमॉस गायचा, विसरला की हाताने तिच्याकडे खूण करायचा, राजाने वजिराला करावी तशी. फेब्रुवारीत छातीत सर्दी झाली आणि चार दिवसांत सगळं संपलं. घर शेतमालकाचं होतं, कामाबरोबर मिळालेलं, ते सोडावं लागलं. चरक नव्या भाडेकरणीला देऊन टाकला. ऑलिव्ह ट्रक घेऊन आली आणि म्हणाली, “चल आई, माझ्याकडे.” लंडनचं पत्र आलं असेल तर ऑल्डरमच्या दाराखाली पडलं असेल.

रेडिओवरचं गाणं संपलं. एका पुरुषाने तिचं नाव सांगितलं, थर्कटलचा उच्चार चुकवून, आणि लगेच गुरांच्या बाजाराची बातमी लागली. केझियाने एप्रनचं टोक डोळ्यांना लावलं, मग शलगम पुन्हा हातात घेतला. सोलायला तीन राहिले होते. थँक्यू, ती म्हणाली. कुणाला ते तिलाही नीट माहीत नव्हतं. आईला, चादरींना, त्या पुरुषी बुटांच्या बाईंना, खिडकी ठेवणाऱ्या गवंड्याला. यादी लांबतच गेली आणि शलगमाची साल तुटली नाही.

मागचं दार धाडकन उघडलं. ऑलिव्ह होती. चाळीशी ओलांडलेली, बुटांच्या कारखान्यातला एप्रन अंगावर, बोटांना सरस, सायकल अंगणात आडवी टाकलेली दिसत होती. जेवणाच्या सुट्टीत ती कधी घरी येत नसे.

“आई! कँटीनमध्ये लावला होता रेडिओ. बायका गप्प झाल्या गं. आमच्याकडच्या बायका, गप्प! ती ग्लॅडिस खाताना थांबली. मी म्हटलं, माझी आई आहे ती. तर म्हणाल्या, जा जा, थापा मारू नकोस.” ती धापा टाकत खुर्चीत बसली. मग आवाज खाली आला. “मला का नाही शिकवलंस ते कधी?”

“तुला कुठं आवडायचं? नुसतं गुणगुणलं तरी ‘आई, गप्प बस, लोक ऐकतील.’ कोण म्हणायचं?”

“मी लहान होते.”

“तू तीस वर्षांची होतीस.”

ऑलिव्ह हसली, आणि मग हसू अर्ध्यावर सोडून तिने सरस लागलेली बोटं एकमेकांवर घासली. “सुट्टी संपायला वीस मिनिटं आहेत,” ती म्हणाली. “एक कडवं तरी सांग. पहिलं.”

केझियाने शलगम बाजूला सारला. पहिलं कडवं सांगितलं, ओळ ओळ करून. ऑलिव्ह कपाळाला आठ्या घालून म्हणत होती, सूर कुठल्या कुठे, बैलगाडी उताराला लागल्यासारखा. शेवटच्या ओळीला पोचली:

पाणी ओसरेपर्यंत मी काठावर गाईन.

‘राहीन’ होतं ते. काठावर राहीन. आईने तसं दिलं होतं, आणि आईच्या आईने. केझियाचं तोंड उघडलं. ऑलिव्हने डोळे वर करून पाहिलं. “बरोबर ना?”

केझियाने ती ओळ मनात एकदा फिरवून पाहिली. काठावर उभी असलेली ती बाई, किती वर्षं नुसती उभी होती.

“बरोबर,” ती म्हणाली. “आता दुसरं ऐक.”